पलंगाखालची वही

मंडळातील ज्येष्ठांनो आणि मित्रमैत्रिणींनो,

मागच्या रविवारी मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीची वही तिला न विचारता उघडली. तिने ती माझ्या हातातून काढून घेतली आणि एवढेच म्हणाली, "आई, तू मिंग झालीस." मिंग म्हणजे 'टर्निंग रेड' या २०२२ साली आलेल्या पिक्सारच्या ॲनिमेशनपटातली आई. गोष्ट आपल्याच टोरंटोतली, २००२ सालची. दिग्दर्शिका डोमी शी चीनमध्ये जन्मल्या आणि याच शहरात वाढल्या. मुलीचे ते वाक्य मनातून जाईना, म्हणून मी चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी एकटीने.

तेरा वर्षांच्या मेईचे मन उचंबळले की तिचा भलामोठा तांबडा पांडा होतो. मला हादरवून गेला तो प्रसंग मात्र पांडा येण्याआधीचा आहे. मेईने वहीत दुकानातल्या एका मुलाची चित्रे काढलेली असतात. पलंगाखालून डोकावणारी ती वही मिंगच्या हाती लागते आणि ती मुलीला घेऊन तडक त्या दुकानात जाते, चारचौघांत ती चित्रे त्या मुलापुढे धरते. मेईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झालेले असते आणि मिंगला मनापासून वाटत असते की आपण लेकीला वाचवतो आहोत. चित्रपटाचे मोठे बळ हेच, की तो या आईला दुष्ट ठरवत नाही. वही उघडण्यापूर्वी मीही मुलीच्या टेबलावर चिरलेल्या सफरचंदाची वाटी ठेवली होती.

पुढे बांबूच्या एका मायावी वनात मेईला कोवळ्या वयातली मिंग रडताना भेटते. आपण कितीही केले तरी आईला कमीच वाटते, हे तिचे दुःख. आणि लेकच तिचा हात धरून तिला बाहेर आणते. तिथे मला माझी आई आठवली. मैत्रिणीची आंतरदेशीय पत्रे ती माझ्या आधी फोडून वाचत असे, आणि तेव्हा मी किती रडले होते हे मी तिला आजतागायत सांगितलेले नाही.

उणिवाही आहेत. स्कायडोम या स्टेडियममधला शेवट फार गोंगाटाचा आहे. राक्षसी आकाराचा पांडा झालेली मिंग आणि गाणाऱ्या मुलांचा ताफा यांच्या धामधुमीत आई-मुलीचे भांडण झाकले जाते. दोष मैत्रिणींवर येत असताना मेई गप्प राहिली, ही जखमही फार लवकर भरते. प्रिया नावाची एक मैत्रीण आहे, पण तिचे घर काही उभे राहत नाही. आपल्या मुलींनी नावावरच समाधान मानायचे. सगळ्यांत शहाणे बोलतो तो बाप, आणि त्याला बोलायला मिळते अगदी थोडे.

एक गोष्ट आपल्यालाही सांगायला हवी. मिंग सॅनिटरी पॅड घेऊन शाळेपर्यंत पोहोचते, तेवढ्यावरून 'मुलांसमोर हे कसले विषय' असे आपल्यातल्याच काही जणींनी म्हटले. कावळा शिवला म्हणून कोपऱ्यात बसलेल्या आपण. आपल्या मुलींना तोच कोपरा, फक्त चांगल्या घरात, द्यायचा आहे का?

शेवटी मिंग लेकीची क्षमा मागते, पण त्या क्षमेत वहीचा उल्लेख नाही, आणि चित्रपटाची हीच उणीव मला सर्वांत जास्त बोचते. मी माझ्या मुलीची क्षमा वहीचे नाव घेऊन मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली. तेव्हापासून ती वही दप्तरात घालून रोज शाळेत नेते, आणि रात्री दप्तर उशाशी घेऊन झोपते.