तिजोरी, गाभारा आणि पक्षकार्यालय

(दृश्य: पहाटेचा पंचगंगा घाट)

जनतेचा पैसा धर्मसंस्थांना आणि राजकीय पक्षांना द्यावा का, आणि द्यायचा तर कोणत्या अटीवर? या प्रश्नाची सुरुवात कोल्हापुरातूनच करू. १८९९ च्या कार्तिक महिन्यात राजर्षी शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असत. तेथे आपल्यासाठी वेदोक्त, म्हणजे वेदांतले, मंत्र नव्हे, तर शूद्रांसाठी मानले गेलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जातात हे त्यांच्या लक्षात आणून दिले गेले आणि त्यातून जो संघर्ष पेटला, तो आपण जातिवर्चस्वाविरुद्धचा लढा म्हणून सांगतो. तो तसा होताच. पण त्याला जमाखर्चाचीही एक बाजू होती, आणि तिच्याकडे सहसा कोणी वळत नाही. राजोपाध्यांकडे, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांकडे, दरबारने दिलेली इनामे होती आणि त्यांच्या बदल्यात राजघराण्याची धर्मकृत्ये करण्याची सेवा अपेक्षित होती. ती सेवा वेदोक्त पद्धतीने करण्यास नकार मिळाला, तेव्हा १९०२ मध्ये महाराजांनी ती इनामे जप्त केली. रयतेच्या जमिनीतून उभ्या राहणाऱ्या पैशावर धर्मकार्य चालत असेल तर त्या पैशाला अट असते, हे या शहराने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

(दृश्य: महाद्वार रोड, चपलांची दुकाने)

आज सनद देणारा राजा नाही, कर भरणारा नागरिक आहे. महाद्वार रोडवर कोल्हापुरी चप्पल विकत घेणारा माणूस जीएसटी भरतो, मग तो अंबाबाईच्या दर्शनाला आलेला असो, मशिदीत जाणारा असो किंवा कोणत्याच देवाला न मानणारा असो. म्हणूनच राज्यघटनेच्या अनुच्छेद २७ ने असे सांगितले की, ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी किंवा त्याच्या पोषणासाठी खास राखून ठेवलेले आहे, असा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. या वाक्यातला ‘खास राखून ठेवलेले’ हा शब्दप्रयोग नीट ऐकण्यासारखा आहे, कारण सगळी वाट त्यातूनच निघते. हज यात्रेच्या अनुदानाला आव्हान दिले गेले तेव्हा, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एखाद्या कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एकाच धर्मावर खर्च झाला तर अनुच्छेद २७ चा भंग होईल, किरकोळ हिस्सा खर्च झाल्याने होणार नाही. पुढे २०१८ मध्ये ते अनुदानच बंद झाले. दुसरीकडे खुद्द घटनेतच, अनुच्छेद २९०-अ नुसार, केरळच्या निधीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला, म्हणजे तेथील मंदिरांच्या निधीला, दिले जातात.

(दृश्य: अंबाबाई मंदिराबाहेरची दर्शनरांग)

६ मे २०२५ रोजी चौंडी येथे झालेल्या बैठकीत राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिराच्या आराखड्याला सुमारे १,४४५ कोटी आणि जोतिबाच्या आराखड्याला सुमारे २५९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. हा धर्माला दिलेला पैसा म्हणायचा की शहराला? नवरात्रात किंवा चैत्र यात्रेत लाखो माणसे येतात. त्यांना पाणी, शौचालये, वाहनतळ आणि गर्दीत चेंगरून न मरण्याची हमी हवी असते, आणि या गोष्टी देण्यास शासन बांधील आहे, मग ती गर्दी देवासाठी जमलेली असो वा कुस्तीच्या मैदानासाठी. येथवर माझी हरकत नाही. मात्र देवस्थानला स्वतःचे उत्पन्न असताना कोणते काम त्याने करायचे आणि कोणते करदात्याने, ही रेघ कामांच्या यादीतच आखलेली असावी. रस्त्याचा खर्च सर्वांचा असू शकतो. गाभाऱ्यातल्या दिव्याचे तेल भक्तांनीच घालावे.

चर्चच्या बाबतीत आपला इतिहास अधिक बोलका आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदी कायद्यानंतर कलकत्त्याला नेमलेल्या अँग्लिकन बिशपचा पगार हिंदुस्थानच्या महसुलातून जात असे, म्हणजे ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही अशा शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यातून. जर्मनीची रीत याउलट आहे. तेथे चर्चचा कर सरकार गोळा करते, पण तो केवळ त्या चर्चच्या सदस्यांकडून, प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के. चर्च सोडल्याची नोंद केली की कर थांबतो. सरकारने धर्माचा वसुली कारकून व्हावे हे मला रुचत नाही, पण तेथे पैसे कोण देतो याविषयी संदिग्धता नाही.

(दृश्य: बिंदू चौक, पक्षांचे झेंडे)

राजकीय पक्षांकडे वळले की ही स्पष्टता हरवते. पक्षांना सरकारी पैसा द्यावा का, असे आपण विचारतो, जणू आज तो दिला जातच नाही. प्राप्तिकर कायद्याने पक्षांच्या देणग्यांवरील आणि इतर बऱ्याच उत्पन्नावरील कर अटींसह माफ केला. शाहूपुरीतल्या एखाद्या गूळ-व्यापाऱ्याने, जुन्या करप्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात असताना, पक्षाला धनादेशाने एक लाख रुपये दिले, तर ती रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होऊन त्याचा सुमारे तीस हजारांचा कर वाचतो. तेवढी तूट सगळ्यांच्या वाट्याला येते, आणि त्या सगळ्यांत विरोधी पक्षाला मत देणारा त्याचा हमालही असतो. शिवाय निवडणुकीत दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मोफत वेळ मिळतो, तो वेगळाच.

१९९८ मध्ये इंद्रजित गुप्त समितीने सुचवले होते की मान्यताप्राप्त पक्षांना रोख पैसे न देता इंधन, कागद यांसारख्या वस्तूंच्या रूपाने मर्यादित मदत द्यावी. कल्पना वाईट नव्हती. पण खासगी पैशाचा ओघ मोकळा ठेवून वर सरकारी मदत दिली, तर ती थैलीशाहीला पर्याय न ठरता तिच्यात पडलेली भर ठरते. इटलीत १९९३ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी पक्षांचे सरकारी अनुदान नाकारले. ते निवडणूक खर्चाच्या परताव्याच्या नावाने परत आले. आता तेथे करदाता स्वतःच्या विवरणपत्रात पक्ष निवडून प्राप्तिकराचा दोन सहस्रांश भाग त्याला देऊ शकतो, किंवा कोणालाच देत नाही. मला ही वाट पटते, कारण तिच्यात हमालाचा पैसा व्यापाऱ्याच्या पक्षाकडे आपोआप जात नाही.

आपल्याकडे मात्र आधी हिशेब उघडा करण्याचाच प्रश्न आहे. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवून पक्षांना पैसे देण्याची सोय असलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले, तरी वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव निवडणूक आयोगाला कळवण्याचे बंधन पक्षांवर नाही. त्याआधी, ३ जून २०१३ रोजी, केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरणे, म्हणजे माहिती अधिकाराखाली माहिती देण्यास बांधील संस्था, ठरवले होते, आणि त्यामागच्या कारणांत करसवलत, सरकारी जागा आणि मोफत प्रसारणवेळ यांचाच दाखला होता. म्हणजे पक्ष जनतेच्या पैशाचा लाभ घेतात, हे एका वैधानिक संस्थेने लेखी नोंदवले. पक्षांनी तो आदेश पाळला नाही. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि करसवलत त्या दिवसापासून आजतागायत एकही दिवस थांबलेली नाही.