जॉन वेनबर्ग : उपचारांचा नकाशा काढणारे डॉक्टर

१९६७ साली डॉ. जॉन वेनबर्ग अमेरिकेतल्या व्हरमाँट या छोट्या, डोंगराळ राज्यात रुजू झाले. हृदयविकार, कर्करोग आणि पक्षाघात यांवरचे आधुनिक उपचार खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचावेत, यासाठी केंद्र सरकारने एक योजना आखली होती आणि व्हरमाँटमध्ये ती राबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. कुठल्या भागात उपचार कमी पडतात हे शोधायचे आणि ती उणीव भरून काढायची, एवढीच अपेक्षा होती. उपचार कुठे जास्तही होत असतील, ही शंका त्या काळी फारशी कोणाला शिवली नव्हती.

संख्याशास्त्रज्ञ ॲलन गिटेलसन यांच्यासह वेनबर्ग यांनी राज्याचे रुग्णालयांनुसार १३ भाग पाडले. शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात झाली, याऐवजी ती कोणत्या भागातल्या रहिवाशावर झाली, हे त्यांनी नोंदवले. दिसायला किरकोळ असलेल्या याच बदलामुळे भागाभागांची तुलना शक्य झाली. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एका भागात १३, तर दुसऱ्या भागात १५१ निघाले. वेनबर्ग यांची स्वतःची मुले वॉटरबरीच्या शाळेत जात होती. तिथे पंधराव्या वर्षापर्यंत सुमारे २० टक्के मुलांचे टॉन्सिल काढलेले असत, आणि हाकेच्या अंतरावर ज्याची हद्द सुरू होई, त्या स्टो गावात सुमारे ७० टक्के मुलांचे.

दोन गावांमधल्या मुलांचे घसे इतके वेगळे असणे शक्य नव्हते. पुढे घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतही आजारपण, उत्पन्न किंवा विमा यांत या तफावतीचे कारण सापडले नाही. लोक डॉक्टरांकडे जात होते सारखेच. फरक पडत होता तो दवाखान्याचा उंबरठा ओलांडल्यानंतर. भागाभागांच्या तुलनेवरचा निबंध वैद्यकीय नियतकालिकांनी नाकारला होता, आणि अखेर डिसेंबर १९७३ मध्ये तो ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्टोच्या मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या मॉरिसव्हिलच्या डॉक्टरांनी मात्र आपले आकडे पाहून स्वतःच्या निर्णयांची फेरतपासणी केली आणि तिथले प्रमाण झपाट्याने खाली आले. या डॉक्टरांना लोभी ठरवणे सोपे होते, पण ते अन्यायाचे झाले असते, कारण आपण इतरांपेक्षा वेगळे वागतो आहोत हे त्यांना आकडे पाहीपर्यंत ठाऊकच नव्हते.

हा केवळ खेड्यांतला प्रकार असेल, असे म्हणायलाही जागा उरली नाही. १९८७ साली वेनबर्ग यांनी बॉस्टन आणि न्यू हेवन यांची तुलना मांडली. एका शहरात हार्वर्ड, दुसऱ्यात येल, म्हणजे वैद्यकशास्त्राची माहेरघरेच. तरीही मानेतल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया बॉस्टनमध्ये दुपटीहून अधिक होत होती, तर हृदयाची बायपास न्यू हेवनमध्ये. बॉस्टनमध्ये लोकसंख्येच्या मानाने खाटा अधिक होत्या आणि रुग्णालयांवरचा दरडोई खर्च जवळपास दुप्पट होता. मृत्युदरात मात्र लक्षणीय फरक नव्हता. १९९६ साली डार्टमथ या शिक्षणसंस्थेतून निघालेल्या त्यांच्या नकाशासंग्रहाने साऱ्या देशाचे ३०६ विभाग पाडून हीच तपासणी मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवर केली. या नोंदी प्रामुख्याने वृद्धांच्या असल्याने, आणि कुठल्या भागातले लोक मुळातच किती आजारी असतात यावरही उपचारांचे प्रमाण बरेच अवलंबून असल्याने, त्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, आणि तो निराधार नव्हता.

वेनबर्ग यांचे सर्वांत मोलाचे काम मला या नकाशांच्याही पलीकडचे वाटते. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीवर लवकर शस्त्रक्रिया केल्यास आयुष्य वाढते, असे मेन राज्यातले काही शल्यविशारद मानत. अभ्यासांती बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ते खरे ठरले नाही. शस्त्रक्रियेने त्रास कमी होई, पण लैंगिक जीवनावर परिणाम होण्याचा धोका होता. मग योग्य प्रमाण ठरवायचे कोणी? १९८९ साली वेनबर्ग यांनी डॉ. अल्बर्ट मली यांच्यासोबत एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि दोन्ही बाजू समजावून सांगणाऱ्या चित्रफिती रुग्णांना दाखवायला सुरुवात केली. त्या पाहिल्यावर तीव्र लक्षणे असलेल्यांपैकीही पुष्कळांनी शस्त्रक्रिया नको म्हटले. लक्षणे किती तीव्र आहेत यापेक्षा त्यांचा त्या माणसाला किती जाच होतो, यावर निर्णय ठरत होता, आणि ते त्याला विचारल्याखेरीज कुठल्याही तपासणीत कळणारे नव्हते.