गाडीचं कूळ

श्रोतेहो, नमस्कार.

रामकुंडावर गेलात की तीर्थोपाध्याय आधी मूळ गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग जुनी वही काढतात. तुमचे पणजोबा नाशकात कधी आले, बरोबर कोण होतं, सगळं त्यात सापडतं. आज बोलायचंय ते अशाच कुळाबद्दल, पण माणसांच्या नव्हे, गाड्यांच्या.

सातपूरच्या एका कारखान्यात मी 30 वर्षं इन्स्पेक्शनला होतो. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, मला दुर्मिळ स्पोर्ट्स कारचा नाद लागला. गाडी घेण्याचा नाही हो, पेन्शनमध्ये कुठली? ती कुठून आली, हे शोधण्याचा. त्यातही प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीची गाडी काढण्याआधी कारखाना करून बघतो ती.

विक्रीच्या गाडीचा हिशेब सरळ असतो. प्रोटोटाइपवर रोज कुणीतरी काहीतरी कापतो, जोडतो. आज एक इंजिन, पुढच्या महिन्यात दुसरं. शर्यतीच्या गाड्यांचा घोळ तर विचारूच नका. सरहद्द ओलांडायला लागणारे जकातीचे कागद एका ठरावीक चासी नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबरचे असायचे. ती गाडी आपटली की संघवाले तोच नंबर दुसऱ्या गाडीला लावून मोकळे व्हायचे. 50 वर्षांनी एकाच नंबरच्या दोन गाड्या समोर येतात आणि दोघांचे मालक शपथेवर सांगतात, आमचीच खरी.

जर्मनीच्या पोर्शे कंपनीच्या 917 या शर्यतीच्या गाडीची गोष्ट ऐका. शर्यतीच्या नियमाप्रमाणे 25 गाड्या तयार दाखवायच्या होत्या. एप्रिल 1969 मध्ये पोर्शेने त्या एका रांगेत उभ्या केल्या. जुळणीला म्हणे ऑफिसातल्या लोकांनाही लावलं होतं. ऑडिटच्या आदल्या रात्री कारखान्यात काय चालतं हे ज्यांनी पाहिलंय, ते आत्ता गालातल्या गालात हसत असतील. त्यातली अगदी पहिली, 001 नंबरची गाडी त्याच वर्षी मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली होती. पांढरी, नाक हिरवं. पुढे 1970 ची ल मां शर्यत, म्हणजे फ्रान्समधली 24 तासांची शर्यत, हान्स हेरमान आणि रिचर्ड अ‍ॅटवूड यांनी लाल-पांढऱ्या 917 मधून जिंकली. सगळ्या गाड्यांत पहिलं येण्याची पोर्शेची तिथली ती पहिलीच वेळ. ती गाडी वेगळी, तिचा चासी नंबर 023. पण कंपनीनेच आपल्या 001 ला त्या विजेत्या गाडीचे रंग चढवले! थोरलीला धाकटीचा शालू. 2019 मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, तिला पुन्हा जिनिव्हाचं मूळ रूप दिलं. इतकी वर्षं रंग एक सांगत होता आणि नंबर दुसरंच.

म्हणून रंगावर जाऊ नये. पत्रा उचलून आत बघावं. वेल्डिंगचा हात ओळखता येतो, प्रत्येक वेल्डरचा टाका वेगळा. बुजवलेली भोकं बघावीत: तिथे पूर्वी काहीतरी बसवलेलं असतं. ते काय होतं, हे जुन्या फोटोत शोधायचं. फोटो, कारखान्याची नोंद आणि लोखंड, तिन्ही जुळली तरच पुढे बोलायचं.

आणि तिन्ही जुळूनही कधी पेच सुटत नाही. जॅग्वारची एक्सजे 13 ल मांसाठी बनवलेली, 1966 ची, जगात एकच. शर्यतीत कधी उतरलीच नाही. 1971 मध्ये चित्रीकरण चालू असताना चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांच्या हातून भरधाव वेगात आपटली. ते बचावले, गाडीचा चुराडा झाला. पुढे ती पुन्हा उभी केली. तिला मूळ गाडी म्हणायचं का? माझ्या मते म्हणावं, कारण काय मोडलं आणि काय नवं घातलं हे उघड आहे. खोट दुरुस्तीत नसते, लपवाछपवीत असते.

शेवटी नंबर ठोकलेली जागा. भिंग लावून बघायची. ग्राइंडर फिरवून पुन्हा ठोकलेला आकडा कडेला उथळ पडतो. शिवाय आकडे ठोकायचे जे पोलादी ठसे, म्हणजे पंच, त्यांची ठेवण प्रत्येक कारखान्यात निराळी. आमच्या टूलरूमच्या सेटमधल्या 3 ची खालची वाटी जराशी उडालेली होती. साहेब दरवर्षी नवा सेट मागवू म्हणायचे, तो कधी आला नाही. तो तुटका 3 मला आजही कुठल्याही भंगारात दाखवा, तो भाग आमच्या कारखान्यातला होता की नाही ते मी सांगेन.