खेचरांच्या वाटेनं सायकल

मंडळी, मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय "कालव्याकाठची सायकल", पाऊण तास दिलाय आणि शेवटी मला आपल्या पुण्यातल्या मुठा कालव्याबद्दल बोलायचंय, खरं तर तेच बोलायला आलेय. पण त्याआधी अमेरिकेतून जावं लागेल, कारण ती वाट मी स्वतः चालवून आलेय, पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, ५३८ किलोमीटर, नऊ दिवस, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या रस्त्यावर मोटारीला बंदी.

मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली. कालव्याची आखणी, लेव्हल घेणं, पाटकऱ्यांबरोबर चाऱ्यांवरून हिंडणं, हेच आयुष्य. सायकल शाळेपासून. आणि गेली बारा-पंधरा वर्षं दर रविवारी आम्ही दोघी मैत्रिणी शहराबाहेर निघायचो, पहाटे पाचला, कुठल्यातरी टपरीवर चहा, साडेनऊला घरी. ती मैत्रीण आज इथे दुसऱ्या रांगेत बसलीये आणि तिला विचारूनच सांगतेय. पाच वर्षांपूर्वी हायवेवर एका टेम्पोनं तिला अगदी घासून ओव्हरटेक केलं. धडक अशी बसलीच नाही, नुसता वारा आणि हॉर्न, ती दचकून खडीत गेली आणि आडवी झाली. खांद्याचं हाड मोडलं, प्लेट बसवली. टेम्पो थांबला नाही. मी तिच्याजवळ रस्त्याकडेला बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि शेजारून गाड्या तशाच जातायत, एकेका गाडीच्या हवेनं तिची ओढणी उडतेय. ती चाळीसेक मिनिटं मी विसरूच शकत नाही. त्यानंतर तिनं सायकलला हात लावलेला नाही, आणि घरच्यांनी तिला बंदी केली यात मी त्यांना दोष देत नाही. माझा राग आहे तो या गोष्टीवर की पन्नाशीतल्या बाईला सायकल चालवायची तर जिवावर उदार व्हावं लागतं आणि आपण सगळे ते धरूनच चालतो.

तर माझी मुलगी असते पिट्सबर्गला. ती म्हणाली, आई, रिटायर झालीस ना, ये, इथे एक वाट आहे. सप्टेंबरअखेर निघालो, दोघी, प्रत्येकीच्या सायकलला दोन पॅनिअर बॅगा, एक तंबू.

पहिला निम्मा भाग म्हणजे ग्रेट अ‍ॅलेघनी पॅसेज, २४१ किलोमीटर, पिट्सबर्ग ते कंबरलंड. ही जवळजवळ सगळी बंद पडलेल्या रेल्वेची जागा आहे. वेस्टर्न मेरीलँड रेल्वेनं १९७५ मध्ये डोंगरातली लाइन सोडून दिली, रूळ उचलले, आणि मग लोकांनी त्यावर चुनखडीचा बारीक कच पसरून, रोलर फिरवून सायकलवाट केली. १९८६ साली ओहायोपाइल गावाशी पहिला पंधराएक किलोमीटरचा तुकडा उघडला आणि शेवटची जोडणी झाली २०१३ साली. सत्तावीस वर्षं लागली, तुकड्या-तुकड्यानं, एकेका पुलासाठी पैसे गोळा करत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझा लाडका मुद्दा, चढ! रेल्वेची चाकं पोलादी, रूळ पोलादी, घर्षण अगदी थोडं, त्यामुळे इंजिनाला उभा चढ चालतच नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी इंजिनिअरनं डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल टाकून तो चढ आधीच मारून ठेवलाय. पिट्सबर्गहून माथ्यापर्यंत २०० किलोमीटरमध्ये तुम्ही चढता साधारण ५१० मीटर, म्हणजे सरासरी चारशेला एक. चारशेला एक हा चढ पायांना कळत नाही हो, संध्याकाळी मागे बघितलं की कळतं. माथा २,३९२ फुटांवर, इथून अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताला जातं, पलीकडचं अटलांटिकला. आपल्याकडे महाबळेश्वरच्या माथ्याला उभं राहिलं की कसं, एका अंगाचं पाणी कोकणात आणि दुसऱ्या अंगाचं कृष्णेतून पार पूर्वेला, तसंच. माथ्यापुढे कंबरलंडपर्यंत ३८ किलोमीटर नुसता उतार. पॅडल जवळजवळ मारलंच नाही.

वाट यॉकागेनी नावाच्या नदीच्या कडेनं जाते, तिथले लोक लाडानं यॉक म्हणतात. दोन्ही बाजूंनी झाडी एवढी की डोक्यावर कमान होते, आणि खाली डाव्या-उजव्या हाताला नदी दगडांवरून खळाळत असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला एक गोष्ट जाणवली. आपण सायकल चालवतो तेव्हा कान मागे लावून चालवतो, बरोबर? मागून काय येतंय, ट्रक का बस, किती जवळ. खांदे आपोआप वर गेलेले असतात. तर त्या दिवशी माझे खांदे खाली आले होते आणि कधी आले ते कळलंच नाही. कान पुढे आले होते. सुतारपक्षी ऐकू येत होता, चाकाखाली कच कर्रकर्र वाजत होता, मुलगी मागे गुणगुणत होती ते ऐकू येत होतं. मी थांबले आणि या दुसऱ्या रांगेतल्या मैत्रिणीला फोन केला, भारतात मध्यरात्र होती, तरी केला.

माथ्यापलीकडे बिग सॅव्हेज नावाचा बोगदा आहे, जवळजवळ एक किलोमीटर लांब, आत दिवे आहेत, हिवाळ्यात दारं लावून बंद ठेवतात कारण आत झिरपणारं पाणी गोठलं की अस्तर फुटतं. त्यातून बाहेर पडलात की समोर एकामागे एक डोंगररांगा, एकदम. तिथं आम्ही डबा खाल्ला, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी.

कंबरलंडला रेल्वेची वाट संपते आणि त्याच गावात कालव्याची सुरू होते. चेसापीक अँड ओहायो कॅनॉल, २९७ किलोमीटर, पोटोमॅक नदीच्या काठाकाठानं थेट वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत. हा कालवा सिंचनाचा नाही, बोटींचा. बोटीत शंभर टनाच्या वर कोळसा, आणि ओढायला खेचरं, काठावरून दोर लावून. ती खेचरांची वाट म्हणजे टोपाथ, आणि तीच आता सायकलवाट. ४ जुलै १८२८ ला काम सुरू झालं, खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स कुदळ मारायला, आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचंही काम सुरू झालं. रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ ला, कालवा १८५० ला. पोचेपर्यंतच मागे पडला होता बिचारा, तरी चालला १९२४ पर्यंत, त्या वर्षीच्या पुरानंतर बंद.

माझ्यातल्या पाटबंधारेवालीला मजा अशी की उंचीचा फरक फक्त ६०५ फूट, आणि तो ७४ लॉकमध्ये, म्हणजे बोट खाली-वर करायच्या दारं लावलेल्या हौदांमध्ये, वाटलाय. म्हणजे दोन लॉकच्या मधे वाट सपाट, अगदी सपाट, कारण बाजूचं पाणी सपाट असायला हवं. आणि लॉक आलं की आठेक फुटांचा छोटासा उतार, कडेला लॉकवाल्याचं दगडी किंवा विटांचं घर, सायकल आपोआप भर्रकन खाली. सगळा उतार या चौऱ्याहत्तर ठिकाणी गोळा करून ठेवलेला. मुक्कामाला दर काही मैलांवर तंबूची जागा, फुकट, आणि तिथं काय असेल? हापसा! आपला असतो तसाच लोखंडी दांड्याचा हापसा. पाण्याला आयोडिनचा वास येतो, पण थंडगार. मुलगी दांडा हाणतेय आणि मी बाटली धरलीये, मला वाटलं कुठल्यातरी वस्तीवर सर्व्हेला आलेय.

आता पॉ-पॉचा बोगदा. हा मी थोडा लांबवणार आहे, आयोजकांनी माफ करा. पॉ-पॉ हे एका फळाचं नाव, आपल्या सीताफळाच्या कुळातलं आहे ते, सप्टेंबरात पिकतं, वाटेवर पडलेली होती. आम्ही चाखलं, आंबा आणि केळं मिसळल्यासारखं, बिया मोठ्या. तिथे नदी एवढे वेढे घेते की ते टाळायला कालवा डोंगरातून नेला. १८३६ ला खोदायला घेतला, अंदाज दोन वर्षांचा होता, लागली चौदा. इथे खात्यातली मंडळी हसतायत, मला दिसतंय. खडक भुसभुशीत होता, पैसे संपले, मजुरांचे पगार थकले, दंगे झाले. सगळं ओळखीचंच.

बोगदा ३,११८ फूट, आत दिवा नाही, आणि वाट अगदी चिंचोळी, एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला लाकडी कठडा आणि खाली काळं पाणी. सायकल हातात धरून चालायचं. मधे पोचलो आणि माझा दिवा मंद होत-होत गेला, चार्जिंग संपलं. मुलीचा दिवा होता पण ती मागे, माझीच सावली माझ्या पुढ्यात. मी कठड्यावर हात ठेवला आणि हाताच्या आधारानं चालायला लागले. आणि हाताला काहीतरी लागायला लागलं. खाच. मग पुन्हा खाच. गुळगुळीत, तिरकी, बोट आत बसेल एवढी. मला आधी वाटलं कीड लागलीये. मुलीला म्हटलं, इकडे उजेड टाक. तर त्या दोराच्या खाचा होत्या. खेचर पुढे, बोट मागे, मधे ताणलेला दोर, आणि तो या कठड्यावर घासत गेलेला, वर्षानुवर्षं.

आमच्या आजोळी मोटेची विहीर होती. विहिरीच्या तोंडाच्या दगडाला नाड्याच्या अशाच खाचा पडलेल्या, लहानपणी मी त्यात बोट घालून बसायची. मला त्या अंधारात तीच आठवण आली, हुबेहूब तोच स्पर्श, हा लाकडाचा, तो दगडाचा. तिथंच थांबले. मुलगी म्हणाली, आई, काय झालं? मला सांगताच येईना. पुढे कित्येक लॉकच्या कडेच्या दगडांनाही तशाच खाचा दिसल्या आणि प्रत्येक ठिकाणी मी उतरून हात लावला, त्यात आमचा अर्धा दिवस तरी गेला असेल.

चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे हार्पर्स फेरी राहिलंच, दोन नद्यांचा संगम, जुनं दगडी गाव, १८५९ साली जॉन ब्राउननं गुलामगिरीविरुद्ध उठाव केला ते. सायकल खांद्यावर घेऊन चक्री जिन्यानं पुलावर चढावं लागलं. अँटिटम, अमेरिकन यादवी युद्धाची रणभूमी, तेही राहिलं. असो, मूळ मुद्द्यावर येते.

कालवा बंद पडला, १९३८ मध्ये सरकारनं वीस लाख डॉलरला घेतला, आणि मग ठरत आलं की या पट्ट्यावर मोटारींसाठी रस्ता करायचा. १९५४ च्या जानेवारीत वॉशिंग्टन पोस्टनं अग्रलेखात त्याला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं की माझ्याबरोबर कालव्यानं चालून बघा. २० मार्चला कंबरलंडहून निघाले, बरोबर पन्नासेक माणसं, आठ दिवस, पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊ जण चालले. संपादकांच्या पायाला फोड आले पण वर्तमानपत्राचं मत बदललं. रस्ता बारगळला, १९७१ ला राष्ट्रीय उद्यान झालं.

आता आपलं. मुठा उजवा कालवा खडकवासल्यापासून शहरातून हडपसर, पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. २०१८ ला दांडेकर पुलापाशी फुटला ते सगळ्यांना आठवतंय. खडकवासला ते फुरसुंगी पाणी बोगद्यातून न्यायची योजना आहे. ती झाली की कालव्याचा पट्टा मोकळा होईल, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, एका मालकीचा, आणि चढ? कालव्याचा उतार साधारण पाच हजारात एक, मी हातानं लेव्हल घेतल्यात. सिंहगड रोडचा आठवीतला मुलगा आणि सत्तर वर्षांचे आजोबा दोघंही न धापता चालवतील अशी वाट या शहरात दुसरी निघणार नाही. आणि त्यावर काय करायचं म्हटलं की पहिलं उत्तर येतं, रस्ता करा, ट्रॅफिक सुटेल. मी म्हणते तिथं चालणारे आणि सायकलवाले, बस्स, मोटार नको, दुचाकीसुद्धा नको. सगळं एकदम नको, दोन किलोमीटरचा तुकडा आधी, सत्तावीस वर्षं लागली तरी लागू देत. पण जागा तुटू द्यायची नाही, कारण मधला एक तुकडा गेला की उरलेली वाट कुठेच पोचत नाही. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेबद्दलही, मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर, हेच सांगायचं होतं. अमेरिकेत १९८३ पासून कायदा आहे की बंद लाइनवर वाट करा पण रेल्वे परत आणायचा हक्क राखून ठेवा, म्हणजे गाडी मागणाऱ्यांशी भांडण नाही. वेळ नाही, पुन्हा कधीतरी.

एवढंच सांगते. येत्या रविवारी सकाळी सहाला, हडपसरच्या बाजूला कालव्याच्या कडेचा जो रस्ता लोक फिरायला वापरतात तिथं मी असणार आहे. टेप घेऊन येतेय, रुंदी मोजायचीये, कुठे अतिक्रमण, कुठे पूल तुटलाय, सगळं वहीत लिहायचंय. ज्यांना जमेल त्यांनी या, सायकल नसली तर चालत या. आणि दुसऱ्या रांगेतल्या बाई, तुमची सायकल तुमच्या मुलानं कालच माझ्याकडे आणून दिलीये, चेन नवी टाकलीये, सीट एक इंच खाली घेतलीये.