जुनी छोटी गाडी घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात खानापूरकडचे एक गुरुजी माझ्या गॅरेजला आले. आठवड्यापूर्वीच कोल्हापुरातून घेतलेली छोटी गाडी, बॉनेटवर सुकलेला हार, डॅशबोर्डवर हळदकुंकू. पतसंस्थेतून कर्ज काढून १ लाख ६५ हजारांना घेतलेली. गुरुजी म्हणाले, "गाडी झकास हाय ओ मिस्त्री, खरं वळवताना जरा टकटक आवाज येऊलालाय."

गाडी जॅकवर घेतली, डावं चाक काढलं. एक्सलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या जॉइंटवरचा, रबरी बूट फाटून लोंबत होता. आतलं ग्रीस उडून रिमच्या आतल्या अंगाला काळं थापलेलं, आणि त्यावर आपल्या जांबोटी रस्त्याची लाल माती. जॉइंट हातात धरून हलवला तर खुळखुळत होता. तो बूट फाटला त्याच महिन्यात कुणी बदलला असता, तर बूट, ग्रीस आणि मजुरी मिळून हजाराच्या आत काम झालं असतं. आता अख्खा एक्सल बदलायची वेळ आली होती. मग बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये इंजिन गार ठेवणारं कूलंट नव्हतंच, तांबडं गढूळ पाणी होतं. पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर गळत होते. सगळं मिळून मी त्यांना २२ हजारांचा आकडा सांगितला. तो सांगताना मला फार वाईट वाटलं. हेच गुरुजी इसार द्यायच्या आधी गाडी घेऊन आले असते, तर हे २२ हजार विकणाऱ्याच्या किमतीतून कमी झाले असते.

बेळगावात मी हे काम २६ वर्षं करतोय. म्हणून आज तुमच्याशी जुन्या छोट्या गाड्यांबद्दल बोलायचं आहे. त्यांच्यात नेमकं काय बिघडतं, त्याला किती पैसे लागतात आणि घेण्याआधी ते कसं ओळखायचं. मी सांगतो ते दर आमच्यासारख्या साध्या गॅरेजचे आहेत. गाडीप्रमाणे आणि पार्टच्या कंपनीप्रमाणे थोडे खालीवर होतील.

सगळ्यात आधी पाण्याचं बोलतो, कारण माझ्याकडे येणारी मोठी बिलं बहुतेक तिथूनच सुरू होतात. या गाड्यांची इंजिनं ८०० नाहीतर १००० सीसीची, बऱ्याचदा तीन सिलिंडरची. गावात ती आरामात चालतात. पण पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू ठेवून चोर्ला घाट चढायचा म्हटलं की त्याच इंजिनाला जीव तोडून काम करावं लागतं. तिथे उष्णता बाहेर टाकायचं काम कूलंटचं. कूलंट लवकर उकळत नाही आणि आतून गंज धरू देत नाही. आपल्याकडे काय होतं? कूलंट कमी झालं की लोक बोअरचं पाणी ओततात. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, चहाच्या भांड्याला थर बसतो तसा. नळ्या चोंदतात, गाडी गरम व्हायला लागते.

पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचं एक छोटं दार असतं. इंजिन गार असताना ते मिटलेलं असतं, तापलं की उघडतं. ते अडकलं तर नवीन बसवायला हजारभर रुपये पुरतात. पण काही जण ते काढून फेकून देतात. गाडी गरम व्हायची तेवढ्यापुरती थांबते, इंजिन मात्र कायम गारच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं झाकून राहतं. अशी झाकलेली दुखणीच पुढे विकली जातात.

इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की त्याचा वरचा भाग, म्हणजे हेड, वाकतं, त्याच्याखालचं गॅस्केट जळतं, ऑइल आणि पाणी एकमेकांत मिसळतं. मग हेड उतरवायचं, मशीनवर फेसिंग करून, म्हणजे सपाट घासून, आणायचं, नवं गॅस्केट, नवं ऑइल. १० ते १५ हजार धरा. हे ओळखायचं कसं? इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडा. खालून दुधाच्या चहासारखी साय चिकटली असेल तर सावध व्हा. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणानेही थोडी साय धरते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, तीही काढून बघा. तिच्यावरचं ऑइलही पांढरट दिसलं, तर ती गाडी घेऊ नका.

आणि घाटात तापमानाचा काटा वर चढला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, गाडी कडेला घ्या. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते अंगावर उसळतं. माझ्या एका पोऱ्याचा हात असा भाजलेला मी पाहिलाय. निदान अर्धा तास थांबा.

आता क्लच. उसाच्या हंगामात चिकोडी, संकेश्वरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या मागे अर्ध्या क्लचवर गाडी रेटणारे तुम्ही-आम्ही सगळेच. त्यानेच क्लच झिजतो. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, मजुरी धरून साडेचार ते साडेसहा हजार. बघायची रीत सोपी आहे. सपाट जागेवर हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देत क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. इंजिन घरघरत चालूच राहिलं तर प्लेट संपली आहे.

खालचं काम, म्हणजे चाकं धरून ठेवणारे आणि धक्के झेलणारे भाग, लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर, हे आपल्या रस्त्यांवर लागणारच. पुढचं पूर्ण काम ८ ते १० हजारांत होतं, स्टिअरिंग रॅक बदलायची वेळ आली तर आणखी ५ ते ७. रस्ता खराब असेल तिथेच गाडी चालवून बघा, काचा वर करून, रेडिओ बंद ठेवून. विकणारा तुम्हाला हायवेवर नेईल. तुम्ही गल्लीत न्या.

टायमिंग बेल्टबद्दल, म्हणजे इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणाऱ्या पट्ट्याबद्दल, बहुतेक लोक विचारतच नाहीत. जुन्या ८०० सीसी मारुतीच्या इंजिनात बेल्ट आहे, मारुतीच्याच पुढच्या के सिरीजच्या इंजिनांत त्याऐवजी साखळी आली. बेल्ट साधारण लाख किलोमीटरला, आणि तेवढी चालली नसेल तरी काही वर्षांनी बदलावा लागतो. त्याला अडीच ते चार हजार लागतात. चालत्या गाडीत तो तुटला, की काही इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात, आणि खर्च अनेक पटींनी वाढतो. मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल, तर बदललेला नाही असं धरूनच चाला.

आता आपल्या भागातलं एक खास सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा, पंचगंगेला काय पूर आला ते तुमच्या डोळ्यांसमोर असेल. कोल्हापूर, सांगली आणि आपल्याही नदीकाठच्या गावांत कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या धुऊन-पुसून बाजारात आलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत. वरून लखलखीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, अगदी तळापर्यंत. तिथे मातकट रेघ दिसेल, कारण गाडी धुणाऱ्याचा हात तिथवर जात नाही. सीटखालच्या पट्ट्यांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर. अशी गाडी पहिलं वर्ष नीट चालते. नंतर आज हॉर्न, उद्या पॉवर विंडो, परवा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. एकटा ईसीएमच १० हजारांच्या पुढे जातो, आणि दुरुस्त केलेलं टिकेल याची खात्री मी कुणालाच देऊ शकत नाही.

गोव्याकडून, समुद्रकाठावरून आलेल्या गाडीला वेगळा आजार. खारी हवा पत्रा खाते. पायातली मॅट उचला, दाराच्या खालच्या कडा चाचपा, लोहचुंबक फिरवा. जिथे चुंबक धरत नाही तिथे गंज झाकायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते.

बॅटरी साडेतीन-चार हजार, चार टायर १२ ते १४ हजार. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी टायर म्हातारा आहे. एसी गार करत नसेल तर "फक्त गॅस भरायचा आहे" यावर विसंबू नका. गॅस गेला म्हणजे कुठेतरी गळती आहेच, आणि ती कूलिंग कॉइलमध्ये असेल, तर कॉइल डॅशबोर्डच्या आत असल्यामुळे मजुरी जास्त लागते.

कागदांचं थोडक्यात. कोल्हापूरच्या एमएच-०९ ची गाडी आपल्या बेळगावची केए-२२ करायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागते, आणि कर्नाटकाचा टॅक्स इथे भरावा लागतो. वर्षभरापेक्षा जास्त इथे वापरायची असेल तर हे टाळता येत नाही. १५ वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग परत करायची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५ हजार झाली. म्हणून स्वस्त दिसणारी गाडी दारात येईपर्यंत कितीला पडेल ते आधीच मांडा. तुमच्याकडे २ लाख असतील तर गाडी १ लाख ६० हजारांची बघा. उरलेले ४० पहिल्या सहा महिन्यांत लागणार आहेत.

आणि गाडी बघायला सकाळी लवकर जा. मालकाला आदल्या रात्रीच सांगा, आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं, तर चहा-पाणी घ्या, गप्पा मारा आणि दोन-तीन तासांनी इंजिन पूर्ण गार झालं की मगच किल्ली फिरवा. गार इंजिन पहिल्या फेरीत कसं उठतं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, वरून टकटक ऐकू येते का, हे त्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळतं. तेव्हा बाकी कुणाशी बोलू नका, फक्त ऐका.

नमस्कार.