राहून गेलेली पदकं : आधी नोंद मागा

नमस्कार. पुणे जिल्ह्यातल्या आणि जिथवर हा आवाज पोचतोय तिथल्या माजी सैनिक बंधूंनो, वीरपत्नींनो, आणि त्यांच्या मुला-सुना-नातवंडांनो, आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. माणूस लढाईत होता, पण त्या लढाईचं पदक त्याच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून घरी येताना मिळणाऱ्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकात, लागलेलं नाही. ते लावून कसं घ्यायचं, हा तो विषय. मी फौजेत क्लार्क ट्रेडचा. सुभेदार म्हणून घरी आलो आणि आता माजी सैनिकांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे मी बोलेन ते कागदाचंच बोलेन.

घाई कशाची, ते आधी सांगतो. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकलाय. १९६५ वाले तर त्याहून मोठे. "हा माझ्या शेजारच्या खंदकात होता" असं शपथेवर सांगू शकणारी माणसं दरवर्षी कमी होतायत. कागद जुना झाला तरी शोधता येतो. साक्षीदार गेला की गेला.

पुष्कळांना वाटतं, पदक म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र. ती शौर्यपदकं झाली. पण फौजेत त्याखेरीज सेवेची पदकं असतात, आणि राहून जातात ती बहुतेक हीच. १९६५ च्या युद्धाचा समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. कारगिलच्या वेळचं ऑपरेशन विजय मेडल, सियाचिनचं मेडल, उंच प्रदेशातल्या सेवेचं मेडल, नऊ आणि वीस वर्षांच्या दीर्घ सेवेची मेडल. लढाईत जखमी झालेल्यासाठी पराक्रम पदक. काही पदकांच्या रिबनवर क्लास्प असतो, म्हणजे कुठल्या भागातल्या सेवेसाठी ते मिळालं ती पट्टी. सैन्य सेवा मेडल लिहिलंय आणि क्लास्प लिहिलेलाच नाही, अशी डिस्चार्ज बुकं मी कितीतरी पाहिली. क्लास्प राहणं हीसुद्धा अपुरी नोंदच. ती दुरुस्त करून मागता येते.

या सेवापदकांना पैसे नसतात, हेही स्पष्ट सांगतो. दरमहा भत्ता असतो तो शौर्यपदकांना. मग एवढी खटपट कशासाठी? मुळशीकडचे एक आजोबा माझ्याकडे आले होते. सॅपर, म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे. १९७१ ला ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते. बुकात संग्राम मेडल होतं, पूर्वी स्टार नव्हता. पंधरा ऑगस्टला गावच्या झेंडावंदनाला सगळे माजी सैनिक पदकं लावून उभे राहतात. तिथं कुणीतरी म्हणालं, "हे तर लढाईत खडकीलाच होते." पुढं ती गोष्ट गावात खरी म्हणूनच चालू लागली. ज्या माणसानं गोळीबारात नदीवर पूल बांधला, त्याला गावात मान खाली घालून बसावं लागत होतं. त्यांना पैसा नको होता. आपण होतो तिथं होतो, हे सरकारी कागदावर हवं होतं. मला ही मागणी फार मोठी वाटते, आणि ती पुरी करणं हे आपलं देणं आहे असं मी मानतो.

आता पदक राहतं कसं, ते नीट ऐका. कारण समजलं की अर्ज निम्मा लिहून होतो.

फौजेत जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक घटना, भरती, बदली, लग्न, मूल, कोर्स, पदक, पार्ट टू ऑर्डरमध्ये छापली जाते. युनिट ती ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, आणि तिच्या आधारावर जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातल्या त्याच्या सेवेच्या नोंदपत्रात, नोंद चढते. अथॉरिटीशिवाय, म्हणजे अशा ऑर्डरच्या आधाराशिवाय, तिथं एक अक्षर लिहिता येत नाही. म्हणजे पार्ट टू झाला नाही तर रेकॉर्डच्या दृष्टीनं ती गोष्ट घडलीच नाही. आणि लढाईच्या धामधुमीत पार्ट टू राहून जातो. जवान जखमी होऊन हॉस्पिटलला गेला आणि तिकडूनच दुसऱ्या युनिटला लागला. युनिटनं पदकाचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनवला तेव्हा हा रजेवर होता, किंवा पेन्शनवर घरी गेला होता. मुळशीच्या आजोबांचं असंच झालं. त्यांची तुकडी पुलाच्या कामासाठी दुसऱ्या युनिटला अटॅच, म्हणजे तात्पुरती जोडलेली होती. त्या युनिटनं यादी केली ती आपल्या माणसांची. मूळ कंपनीनं यादी केली ती हजर असलेल्यांची. हे दोन्ही यादींत नाहीत.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की अर्जात "मला पदक द्या" असं लिहू नका. "माझी नोंद तपासा आणि दुरुस्त करा" असं लिहा. नोंद लागली की पदक मिळण्याचा हक्क आपोआप उभा राहतो. नोंदीशिवाय बाजारातून पदक विकत आणून छातीला लावलं तरी कागदावर तुम्ही होता तिथंच राहता. त्याचप्रमाणे मिळालेलं पदक हरवणं आणि पदक मुळात न मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरवलेल्यासाठी डुप्लिकेटचा अर्ज करायचा. तिथं नोंद आधीच असते.

अर्ज कुठं करायचा, यात पुणेकरांची हटकून चूक होते. दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात, सैनिक कल्याण विभाग पुण्यात, म्हणून लोक समजतात की सगळं इथंच होईल. तसं नाही. तुमचा शीट रोल तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात आहे. बॉम्बे सॅपर असाल तर खडकी. मराठा लाइट इन्फंट्रीचे असाल तर बेळगाव. तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाड्यांवरचे अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे, म्हणजे फौजेची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाचे, सिकंदराबादला. नौसैनिकांचं रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या जवानांचं दिल्लीत. बँकेत जाऊन पदकाची नोंद होत नाही, आणि स्पर्श पोर्टलवरही नाही, ते पेन्शनसाठी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय तुमचं रेकॉर्ड बदलू शकत नाही. पण अर्ज साक्षांकित करून आपल्या पत्रासोबत पुढे पाठवू शकतं, आणि त्या पत्राला वजन असतं. तिथं जरूर जा.

पुरावा काय जोडायचा? इथं थोडं थांबतो, कारण घरच्यांनी मदत करावी अशी हीच जागा. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तुमच्याच कंपनीतल्या, त्याच काळात तिथंच असलेल्या साथीदाराच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, ज्यात ते पदक लागलेलं आहे. त्यावर अथॉरिटीचा नंबर असेल तर सोन्याहून पिवळं, कारण रेकॉर्डच्या क्लार्कला नेमकी कुठली ऑर्डर काढून बघायची ते कळतं. मग त्या साथीदाराचं प्रतिज्ञापत्र. जुनी मूव्हमेंट ऑर्डर, रजेचा दाखला, हॉस्पिटलचे कागद. आणि पत्रं! ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेली आंतर्देशीय पत्रं बाहेर काढा. फौजेतला पत्ता ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असा असतो, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडचा भाग. मुळशीच्या आजींनी नवऱ्याची १९७१ ची पत्रं जपली होती. पत्ता ९९ एपीओ, वर डिसेंबरचा शिक्का, आत युनिटचं नाव. त्या पत्रांनी आणि एका साथीदाराच्या बुकानं काम झालं. वेळ लागला, पत्रव्यवहार लांबला, पण पूर्वी स्टारची नोंद लागली.

नावातला फरकही बघा. जुन्या भरतीत कितीतरी जणांची आडनावं लागलेलीच नाहीत, नुसतं "मारुती धोंडी" असं नाव आहे. कुठं पवारचं पोवार झालंय. एका नावानं पदक आलं, दुसऱ्या नावानं बुक आहे, आणि दोन्ही एकमेकांना सापडत नाहीत. जे मेडल मिळालंय त्याची कड भिंगाखाली धरा. आपल्याकडे कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. सर्व्हिस नंबर जुळला की नावाचा घोळ प्रतिज्ञापत्रानं सोडवता येतो.

जे लवकर, पेन्शनशिवाय बाहेर पडले त्यांची अडचण जास्त आहे. त्यांचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. पण लाँग रोल, म्हणजे जवानांच्या मोजक्या नोंदींचं कायम ठेवलं जाणारं रजिस्टर, राहतो. म्हणून अर्जात "शीट रोल उपलब्ध नसल्यास लाँग रोलवरून पडताळणी करावी" हे वाक्य आठवणीनं घाला. ते नसेल तर "कागद नष्ट झाले" एवढ्या एका ओळीचं उत्तर येऊ शकतं आणि माणूस हताश होतो.

उत्तर आलंच नाही, तर माहितीच्या अधिकारात स्वतःच्या शीट रोलची प्रत मागा. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, आणि ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. खरं तर मी सगळ्यांना हेच आधी करायला सांगतो. प्रत हातात आली की नेमकं काय राहिलंय ते दिसतं. लेखी नकार आला आणि तो अन्यायाचा वाटला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीनं होत नाही, आणि ती सांगताना मलाही जड जातं. "साहेबांनी माझी वीर चक्रासाठी शिफारस केली होती" असं सांगणारे बरेच येतात. शिफारस खरी असेलही. पण शौर्यपदक मंजूर झाल्यावर ते भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतं. राजपत्रात नाव असेल आणि बुकात नसेल तर ती नोंदीतली चूक, ती सुधारता येते, आणि भत्ता लागू असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेशसुद्धा दुरुस्त होतो. राजपत्रात नसेल तर शिफारशीवरून नोंद होत नाही. खोटी आशा लावून म्हाताऱ्या माणसाकडून पैसे उकळणारे लोक आहेत. त्यांच्यापासून सांभाळा. या कामात झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र आणि टपाल यापलीकडे खर्च नाही.

काही जण विचारतात, इतक्या वर्षांनी नोंद लागून तिला काय किंमत? त्यांना मी आपल्या बॉम्बे सॅपर्सच्या राम राघोबा राणे यांचं उदाहरण देतो. नौशेरा ते राजौरी रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याची त्यांची कामगिरी एप्रिल १९४८ ची. परमवीर चक्र स्थापन झालं ते २६ जानेवारी १९५० ला, आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू केलं गेलं. पराक्रम आधी झाला, पदक नंतर आलं. राणे यांच्या परमवीर चक्राला त्यामुळे कुणी कमी लेखत नाही.

वीरपत्नींनाही हा अर्ज करता येतो. नवरा हयात नसेल तर पत्नी, आणि तीही नसेल तर वारस. फक्त रेकॉर्डमध्ये पत्नीचं नाव लागलेलं आहे ना, ते आधी बघा. लग्नाचा पार्ट टू झाला नसेल तर आधी ती दुरुस्ती, मग पदकाची.

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. सर्व्हिस नंबर, रँक, नाव, ट्रेड, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, युनिटं, कुठलं पदक, कुठल्या काळातल्या कुठल्या ठिकाणच्या सेवेसाठी, आणि सोबत काय जोडलंय, एवढं एका पानात बसतं. मूळ डिस्चार्ज बुक पाठवू नका. रेकॉर्डनं ते लेखी मागवलं तरच पाठवा, आणि त्याआधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून ठेवा. अर्ज स्पीड पोस्टनं टाका, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा, आणि लिफाफ्यावर बाहेरच्या बाजूला सर्व्हिस नंबर ठळक लिहा. नमस्कार.