झाकलेलं तळं

(ट्रकमधून उतरणारे घड)
सुमात्रा बेटावरची ही पाम तेलाची गिरणी. एकेक घड वीस-पंचवीस किलोचा. तोडल्यावर तो लवकर वाफेत गेला नाही तर फळातलं आम्ल वाढतं आणि तेलाचा दर्जा घसरतो. त्यामुळे हंगामात इथे रात्रपाळीही जोरात चालते.

(पाटातून वाहणारं सांडपाणी)
तेल पाहायला सगळेच येतात. आपण आलोय ते या पाटासाठी. वाफेचं पाणी, तेल निवळताना राहिलेला गाळ, फळाचे बारीक तंतू. एक टन कच्च्या तेलामागे असं अडीच ते साडेतीन टन सांडपाणी निघतं, तेही ८० ते ९० अंश तापलेलं. नदीत सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात.

(उघडं तळं, बुडबुडे जवळून)
म्हणून ते वर्षानुवर्षं उघड्या तळ्यांत साठवलं गेलं. हा बुडबुडा बघा. वरची तपकिरी साय ताणली जाते, फुटते. आत मिथेन आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा वायू, सरळ हवेत.

(फुगलेलं काळं आच्छादन)
आणि हे झाकलेलं तळं. जाड प्लॅस्टिकच्या कडा चरात गाडून हवाबंद केल्यात. सांडपाणी आधी निववावं लागतं, नाहीतर गॅस बनवणारे जीवाणूच मरतील. ते आम्लधर्मी असतं, म्हणून आम्लता उतरवायला तळ्यातला मुरलेला गाळ पुन्हा पुन्हा त्यात फिरवतात. एक टन सांडपाण्यातून साधारण २८ घनमीटर बायोगॅस मिळतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड इंजिन खातो, त्यामुळे गॅस आधी या उंच टाकीत धुतला जातो. मग इंजिन, मग वीज.

(जळती ज्योत)
अडचण पुढे आहे. गिरणी स्वतःची वीज फळांचे तंतू आणि कवच्या जाळूनच भागवते. जादा विजेला गिऱ्हाईक हवं, आणि विजेची तार बहुतेकदा कोसभर दूर असते. मग गॅस असा जाळून टाकतात. मिथेन मोकळा सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण हातची वीज गेली. या लागवडीसाठी तुटलेलं जंगल त्याने परत येत नाही, हेही खरं.

(आच्छादनावर चालणारे कामगार)
मलेशियाने २०१४पासून नव्या गिरण्यांना गॅस पकडणं बंधनकारक केलं. आमचं म्हणणं एवढंच, जुन्या गिरण्यांची तळीही झाका. आणि तार गिरणीपर्यंत आणा.